घंटाचोराचं तोंड

वॉटसनव्हिल, कॅलिफोर्निया
रविवार, ११ जानेवारी १९५३

ती. कुकाताईस लोलोचा सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. तुम्ही दोघंही खुशाल असाल असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर तू तार केली असतीस.

पत्रास कारण की, ‘चाबूकस्वार’चे अंक पोचले. सोबतची काहेताही पोचली. पण डबा वाटेत उघडला आणि ते आटवलेलं दूध पानांना लागलं, त्यामुळे दोन पानं आम्हाला चाटून सोडवावी लागली. हसू नकोस, खरंच चाटली. इकडचा स्वयंपाकी पावाच्या दोन कापांत गार मांस घालून देतो आणि त्याला जेवण म्हणतो.

ताई, तुझा दुसरीत शाळा सोडलेला भाऊ आता इथला वाचनाचा मास्तर झालाय. रविवारी सगळी बराक मोजे धुवायला बसते आणि मी फ्लॉवरच्या खोक्यावर बसून मोठ्यानं वाचतो. तू मला याच चित्रांच्या पुस्तकांवर अक्षरं शिकवलीस, त्यामुळे मला सगळं लिहिलेलं कुणीतरी ओरडून बोलतंय असंच वाटतं. अगदी जवळ म्हातारे डॉन मेलितोन बसतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून त्यांना चित्रंही सांगावी लागतात. घोडा कुठल्या रंगाचा, टोपी कशी, सगळं. तपकिरी शाईत सगळेच घोडे तपकिरी असतात, पण मी दर वेळी नवा रंग देतो.

आणि पुस्तकातल्या घुबडावरून बराकीत दोन तट पडलेत. तू वाचलंयसच, तरी मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो गावोगावच्या देवळांतल्या घंटा रात्री चोरतो म्हणून चाबूकस्वार त्याच्या मागे लागलाय. पण तो चोरतो का? जमीनदारानं स्वतःचा गहू वाचवायला धरणाचं दार उघडलं, आणि गावाला कळू नये म्हणून घंटा वाजवणाऱ्याला आदल्या संध्याकाळी पाजून झोपवलं. घंटा वाजलीच नाही. घुबडाची बायको आणि लहान पोर वाहून गेली. तेव्हापासून तो घुबडाचा मुखवटा लावून फिरतो, आणि म्हणतो की जी घंटा वेळेला मुकी राहिली तिला लग्नाबारशाला वाजायचा काय हक्क. आता सांग, हा दुष्ट? दुष्ट माणूस पानापानावर खदाखदा हसतो. हा एकदाही हसलेला नाही. सगळ्या पुस्तकात रडतो तो एकटाच. चाबूकस्वार मात्र जमीनदाराच्या टेबलावर बसून कोंबडी खातो. नायारितकडचा एक आडमुठा म्हणतो की चोर तो चोर. त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

बाकी शेतमजुरीचा करार मेअखेर संपतो. पुढे शिकागोकडे जावं असं काही जण म्हणतात. मलाही एका जागी पाय ठरत नाही, तुला ठाऊकच आहे. आपा काही विचारतात का आपल्या लेकाबद्दल? नसतीलच विचारत. जाळायच्या वस्तू करण्यात जन्म घालवायचा नाही असं मी निघताना म्हटलं, ते त्यांच्या कानातून अजून निघालं नसेल.

असो. लोभ कोरडा ठेवावा, वाटेत पाऊस लागतो.
तुझा,
लोलो


सेलाया, ग्वानाहुआतो
१ फेब्रुवारी १९५३

चि. लोलो यास कुकाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खळ शिजवत होते. वाचता वाचता ती तळाला लागली आणि सगळ्या गल्लीत जळक्या कणकेचा वास सुटला. तेव्हा यापुढे थोडं कमी मजेदार लिहीत जा.

आपा बरे आहेत, पण हात आता फार कापतात. कामट्या तासताना सुरी बोटाकडेच वळते, म्हणून मी सुरी लपवून ठेवते आणि ते ती शोधून काढतात. तुझ्याबद्दल विचारत नाहीत म्हणतोस, ते बरोबर आहे. ते फक्त दर मंगळवारी विचारतात की ते चित्रांचं पुस्तक उत्तरेकडे धाडलंस का. आणि तुझं पत्र आलं की विचारतात, त्या पुस्तकाची पोच आली का. मग मी ‘पोच’ मोठ्यानं वाचते. ते पाठ फिरवून बोरू सोलत बसतात आणि मी मध्ये थांबले की खाकरतात.

आता कामाचं. मागच्या साली पवित्र शनिवारी चौकात फुटायचा आपला यहूदाचा कागदी पुतळा नुसता फुसफुसला, तो तुझ्याही डोळ्यांसमोर असेल. वात ओली होती, चूक आपांची नव्हती. पण धन्याला विकणारा शिष्य सगळ्या गावादेखत न फुटता लटकत राहिला, लोक शिट्ट्या मारत घरी गेले, आणि ते कुणी विसरलेलं नाही. मंडईच्या समितीनं सांगितलंय की यंदा शेवटची संधी. यंदा फसला तर पुढच्या सालापासून चौकातला पुतळा साल्वातिएर्राचे लोक करतील. आपा म्हणाले, तसं झालं तर आपण कारखान्याचं दार लावायचं. म्हणताना आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

समितीचे डॉन प्लासिदो, तेच चीजवाले, घरी आले. यंदा यहूदाला घुबडाचं रूप द्यायचं ठरलंय म्हणाले. होय, तुझंच घुबड. पवित्र गुरुवारी देवळातल्या घंटा मुक्या होतात, त्या घुबडानंच चोरल्या असं पोरं आत्तापासून बोलताहेत. मग शनिवारी घंटा परत वाजायला लागल्या की तो फुटायचा. सगळ्यांना कल्पना फार आवडली. पण पुतळा मी करणार हे कळल्यावर डॉन प्लासिदोंनी तोंड वाकडं केलं, की हे बायकांचं काम नव्हे. आपा म्हणाले, माझे हात हल्ली हिच्या दंडाला लागलेले आहेत, तुम्हाला चालत असेल तर बघा. त्यावर डॉन प्लासिदो चीजचा तुकडा ठेवून गेले.

दारूकामाचा उबाल्दो वाती मोजायला येतो. पुतळ्याचा सांगाडासुद्धा अजून उभा नाही आणि हा आठवड्यातून तीनदा येतो. तू काही विचारू नकोस, मी काही सांगणार नाही.

घुबडाचं मला विचारशील तर, वाईट वाटतं मला त्याचं. पण वाईट वाटतं म्हणून पुतळा सोडून देता येत नाही.

वरचेवर लिहीत जा. माया आहे तशीच आहे, खळीसारखी लावून ठेव.
तुझी,
कुकाताई


वॉटसनव्हिल
रविवार, २२ फेब्रुवारी १९५३

ती. कुकाताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. घुबडाला जाळणार? अख्ख्या सेलायात तुम्हाला दुसरा यहूदा मिळाला नाही? जमीनदाराला लटकवा ना! पोट मोठं आहे, दारूही जास्त मावेल. नाहीतर चाबूकस्वाराला लटकवा, त्याचे बूट चांगले चकाकतील.

मी बराकीत तुझं पत्र वाचून दाखवलं (उबाल्दोचं सोडून, म्हणजे उबाल्दोचं दोनदा वाचलं). आमच्या तटातले सगळे खवळले. ताई, तूच विचार कर. यहूदानं आपल्या माणसाला पैशांसाठी विकलं. घुबडानं कुणाला विकलं? त्याचं घर बुडालं आणि कुणी त्याला विचारायलाही गेलं नाही. ज्याचं सगळं गेलं त्यानं शांत बसून जपमाळ ओढायची, आणि नाही ओढली की तो दुष्ट? मग त्याला तसं केलं कुणी, ते का नाही कुणी विचारत? नायारितवाला म्हणाला की तू त्याचा वकील आहेस का. मी म्हटलं हो आहे, आणि पैसेसुद्धा घेत नाही.

डॉन मेलितोन या वादात पडत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की घुबड त्या घंटा ठेवतो कुठे. मला सांगता आलं नाही. पुस्तकात कुठेच दाखवलेलं नाही.

मला आपांचंही कळत नाही. शनिवारी फुटायची वस्तू, तिच्यासाठी दोन महिने हात कापत असताना खपायचं. याच्यासाठीच मी निघालो. तरी पुतळा फसू नये असं मला वाटतं, हे त्यांना सांग. म्हणजे पोच म्हणून सांग. कारखान्याचं दार लागलेलं मला बघायचं नाही. मी तिथं नसलो म्हणून काय झालं, दार उघडं आहे हे माहीत असलं की लांब फिरायला बरं वाटतं.

आमचा घुबडवाल्यांचा तट त्याच्या मानासाठी इथं एक गंमत करणार आहे. ती पुढच्या पत्री.

इथलं खुरपं इतक्या आखूड दांड्याचं आहे की दिवसभर जमिनीला नमस्कार चालतो. पाठ सोडून सगळं उत्तम.

राग निवळला की लोभही वर येईल, तोवर सांभाळून घ्यावं.
तुझा,
लोलो, घुबडाचा वकील


सेलाया
१० मार्च १९५३

चि. वकीलसाहेब लोलो यांस अनेक आशीर्वाद.

सोबत नवा अंक आहे. आधी माझं पत्र वाच, मग तो वाच, आणि मग सांग अजून वकिली चालू आहे का. त्यात वरच्या डोंगरात पाऊस झालाय. ज्या गावची घंटा घुबडानं मागच्या महिन्यात नेली होती, त्या गावाला कुणी उठवू शकलं नाही. त्या गावातही एक बाई होती आणि तिच्याही कडेवर पोर होतं. शेवटच्या चित्रात घुबड टेकडीवरून ते पाणी बघत उभा आहे, आणि त्याच्या तोंडी एकही शब्द लिहिलेला नाही.

मी ते पान दोनदा बघितलं. लोलो, दुःख झालं म्हणजे काहीही करायचा परवाना मिळत नाही. आपली आमा वारली तेव्हा आपांनी शेजारच्यांच्या चुली नाही विझवल्या. तू म्हणतोस त्याला तसं कुणी केलं ते विचारा. विचारू की. पण त्या दुसऱ्या गावच्या बाईनंही ते विचारायचं का, पाणी गळ्याशी आल्यावर?

आता माझी पंचाईत ऐक. पुतळा झालाय मोठा झकास. दोन पुरुष उंच, पंख बोरूचे, डोळे बाटलीच्या बुडांचे. पण पुस्तकात तो कधीमधी मुखवटा काढतो, म्हणून मुखवट्याखाली माणसाचं तोंड हवं होतं. आपल्याकडचे सगळे साचे शिंगांच्या आणि बोकडदाढीच्या सैतानांचे. माळ्यावर एक जुना साचा पालथा पडला होता, साधं तोंड होतं, तोच मी वापरला. वर आपांचं ते वार्निश दिलं, जे कधी वाळलंय असं वाटतच नाही. झालं! घुबड रडतंय असं दिसायला लागलं.

आता पोरं रोज दुपारी येतात आणि त्याच्या पायाशी काहीबाही ठेवून जातात. कुणी तोर्तिया, कुणी अर्धा चघळलेला ऊस. कासारांची धाकटी तर त्याला विचारत होती की आमची घंटा कधी देणार. परवा डॉन प्लासिदो बघायला आले. आपांना म्हणाले, डॉन नाबोर, याला कोण पेटवणार? लोकांना राग यायला हवा, इथं तर यांच्या डोळ्यांना पाणी येतंय. गेल्या साली वात ओली होती, यंदा लोकच ओले. यहूदा हसण्यावारी गेला तर चालेल, पण त्याच्यासाठी कुणी रडलं तर समिती आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाही, असं स्पष्ट बोलून गेले.

आपांनी मुखवटा वर करून ते तोंड बराच वेळ बघितलं. मग बाहेर जाऊन शेळ्यांजवळ बसले. मी नवं सैतानाचं तोंड चिकटवू का विचारलं तर नको म्हणाले, एवढंच.

पवित्र गुरुवारी मात्र ते नेहमीसारखं त्याच्यापुढे ताट ठेवणार. तुला आठवतं ना, लहानपणी तू त्या ताटातल्या घेवड्याच्या बिया पळवायचास. यहूदाही त्या रात्री धन्याबरोबर त्याच टेबलावर जेवला होता, तेव्हा जाळायच्या आधी त्याला उपाशी ठेवायचं नाही, हा आपांचा नियम. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असं करत नाहीत म्हणे.

मला काही सुचत नाही. तुला सुचलं तर लवकर लिही. आणि ती गंमत काय, तेही.

काळजीसकट प्रेम धाडते, दोन्ही वेगळं करून घे.
तुझी,
कुकाताई

ता. क. उबाल्दो तुला नमस्कार सांगतो. का सांगतो ते त्यालाच ठाऊक.


वॉटसनव्हिल
रविवार, २२ मार्च १९५३

ती. कुकाताईस सा. न. वि. वि.

आधी गंमत सांगतो, म्हणजे ती गंमत कशी नव्हती ते कळेल.

आमच्या छावणीत आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलाय. स्वयंपाकी तो हातोडीनं बडवतो, उठायला आणि जेवायला. तो आवाज सगळ्यांना नकोसा. तर आम्ही घुबडवाल्यांनी गेल्या शनिवारी तो पळवला आणि खोक्यांखाली दडवला. जागेवर घुबडाचं चित्र चिकटवलं, मीच काढलं होतं. स्वयंपाकी शिव्या देत फिरला, आम्ही शेतात पोट धरून हसलो.

दुपारी समुद्रावरून धुकं आलं. इथलं धुकं म्हणजे स्वतःचं खुरपं दिसत नाही. आवाज नाही म्हणून जेवायची वेळ कुणाला कळली नाही, पण आम्ही तरणे, वाफे धरून धरून आलो छावणीत. घेवडा करपला होता, त्याच्यावरही हसलो. मग कुणीतरी म्हणालं, डॉन मेलितोन कुठायत.

ताई, ते रोज त्या आवाजाच्या दिशेनं चालत येतात. मोतीबिंदूचं छावणीवाल्यांना कळलं तर परत धाडतील म्हणून ते आमच्याखेरीज कुणाला सांगत नाहीत, आणि ते रुळाच्या आवाजावर येतात हे आम्हालाही माहीत नव्हतं. आम्ही हाका मारत फिरलो. धुक्यात हाक कुठून येते तेही कळत नाही. शेवटी आम्हा दोघांना, मला आणि त्या नायारितवाल्याला, ते सापडले. मोठ्या रस्त्यालगतच्या पाटाच्या काठावर बसले होते, एक पाऊल पुढे खोल पाणी. टोपी काढून कान मोकळा करून बसले होते. मला वाटलं शिव्या देतील. तर म्हणाले, आवाज नाही आला पोरांनो, मला वाटलं आज जेवण नसेल.

मी त्यांना पाठुंगळी घेऊन आलो. रूळ मीच परत टांगला आणि मीच बडवला, जेवण झालं होतं तरी.

नंतर तुझा अंक आला. आज वाचला. शेवटचं चित्र आलं तेव्हा मी अंक नायारितवाल्याकडे सरकवला आणि पुढचं त्यानं सांगितलं, त्याला वाचता येत नाही तरी. कुणीही चोर तो चोर म्हणालं नाही. तोसुद्धा नाही. मग डॉन मेलितोन म्हणाले, इतके अंक झाले, हा माणूस जमीनदाराच्या घरी एकदा तरी गेलाय का? मी सगळे अंक चाळले. नाही गेला ताई. जमीनदाराच्या वाड्यावरही एक घंटा आहे, पहिल्याच अंकात चित्र आहे तिचं. तिथं बंदूकवाले असतात. म्हणून हा गरिबांच्या घंटा नेत बसलाय. मला हे आधी दिसलं कसं नाही?

मी त्याची वकिली सोडलेली नाही, पण सुटका मागत नाही आता. तो निष्पाप नाही. पण खरा दुष्ट असता तर टेकडीवर उभा राहून बघत बसला नसता, पुढच्या गावाला गेला असता. त्याला फाशी नको, त्याच्याकडून घंटा परत घ्यायला हव्यात. म्हणून सुचतं ते लिहितो. डॉन मेलितोन विचारत होते ना, घंटा ठेवतो कुठे. पोटात ठेवतो! यहूदाच्या पोटात आपण मिठाई नि पाव भरतो, त्याऐवजी यंदा घंटा भर. डोन्या कासिल्दा बाजारात विकते त्या बोटाएवढ्या मातीच्या. मक्याच्या सालीत गुंडाळ, म्हणजे फुटणार नाहीत. देवळातली घंटा वाजली की तो फुटेल आणि पोरांच्या घंटा पोरांना मिळतील. मग पेटवायला कुणी रडेल असं वाटत नाही.

पण पुतळा एव्हाना बंद झाला असेल. रंगवलेलं पोट फाडायला आपा देणार नाहीत, माझ्या सांगण्यावरून तर नाहीच. तरी लिहिलं.

नमस्कार घरातल्या सगळ्यांना, पुतळ्यालाही. माझ्या वाटचा लोभ त्याच्या ताटात वाढावा.
तुझा,
लोलो


सेलाया
सोमवार, ६ एप्रिल १९५३

चि. लोलो यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी आलं. पुतळा बंद होता, रंगवलेला होता, उबाल्दोनं वातीसुद्धा गुंफल्या होत्या. मी आपांना रुळाची गोष्ट वाचून दाखवली, आणि घंटांचं वाक्य गाळलं. बंद झालेला पुतळा त्यांनी आजवर कधी उघडलेला नाही, उगाच कशाला. तर म्हणाले, पुढे वाच. मी म्हटलं एवढंच आहे. म्हणाले, पोरगं इतक्या लांबून नुसतं धुकं कळवायला लिहीत नाही, पुढे वाच.

मी वाचलं. ते उठले, मी जिथे लपवली होती तिथून सुरी बरोबर काढली, आणि स्वतःच्या हातानं घुबडाचं पोट उभं चिरलं. लोलो, हात कापला नाही रे. एक रेघ, सरळ. मग खाली बसले आणि म्हणाले, कासिल्दाला हाक मार.

गुरुवारचा सगळा दिवस आम्ही सालीत घंटा गुंडाळत होतो. मी, डोन्या कासिल्दा, उबाल्दो. गावात घंटा बंद, नुसती लाकडी खुळखुळ्यांची खडखड, आणि आमच्याकडे घंटांचा ढीग, त्याही मुक्या, गुंडाळलेल्या. संध्याकाळी आपांनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. यंदा घेवड्याशेजारी काहेताही वाढली. एवढ्या वर्षांत ती कधी नव्हती.

शनिवारी चौक भरला होता. घुबड दोन गच्च्यांमध्ये दोरीवर, वाऱ्यानं पंख हलताहेत. खाली पोरं रडवेली. कासारांच्या धाकटीनं तर उबाल्दोची पँटच धरून ठेवली, पेटवू नको म्हणून. डॉन प्लासिदो माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांचं सगळं चीज नासलंय. तेवढ्यात देवळातली मोठी घंटा वाजली. उबाल्दोनं पोरीला एका हातानं उचललं आणि दुसऱ्यानं वात पेटवली. वात सुकी होती. आधी पंख गेले, मग पाय, मग पोटाचा असा बार झाला की कबुतरं अजून परतलेली नाहीत. आणि वरून घंटा! सालीत गुंडाळलेल्या, धूर येणाऱ्या, डोक्यावर, टोपल्यांत, फादरच्या पायाशी. आधी पोरांना काही कळेना. मग एकीनं साल सोलली आणि वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळा चौक किणकिणायला लागला, वर देवळातल्या घंटा, खाली या. कासारांची धाकटी ओरडत सुटली की त्यानं दिल्या, त्यानं आपल्या हातानं दिल्या. हात तर केव्हाच उडाले होते त्याचे.

डॉन प्लासिदो आपांकडे आले, टोपी काढली, आणि पुढच्या साली कोणाचा करायचा म्हणून विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं, हे लिहून ठेव.

आता जे मी तुला लिहिलं नव्हतं ते. माळ्यावरचा तो साचा मी उचलला तेव्हा मला माहीत नव्हतं. कागद सुकून तोंड निघालं तेव्हा कळलं. तू मिसरूड फुटायच्या वयाचा असताना आपांनी शिकवायला म्हणून तुझ्याच तोंडाचा साचा काढला होता, तोच तो. घुबडाच्या मुखवट्याखाली तू होतास, लोलो. आपांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढचं ते स्वतः सांगताहेत, मी फक्त लिहितेय.

चि. लोलोस आशीर्वाद. कुका लिहिते आहे, मी बोलतो आहे. दरसाल मी डोक्यात सगळ्यात जास्त दारू भरतो, कारण लोकांना डोकं उडालेलं आवडतं. यंदा उबाल्दोला सांगितलं, डोकं रिकामं ठेव. सगळं फुटलं, मुखवटा उडाला, आणि डोकं दोरीला तसंच राहिलं. थोडं काळं झालंय. तो घुबड चांगला की वाईट ते मला ठरवता येत नाही, मी त्याची फक्त कामट्यांची बाजू बघितली आहे. त्यानं जे केलं ते फुटायलाच हवं होतं. तोंडाचं मला वेगळं वाटलं. जाळायच्या वस्तू करतो म्हणालास, ते खरं आहे. त्यात एखादी न जाळायची निघते. ती खुंटीवर टांगली आहे. धूळ बसते. माझा हात तिथवर पोचत नाही आणि कुकाला मी हात लावू देत नाही. शिकागो मोठं गाव आहे असं ऐकतो. आणि त्या पुस्तकात पुढे काय झालं ते कुका सांगत नाही, म्हणते लोलो वाचेल तेव्हा. तेवढं कळव. आपा.

बोलून झाल्यावर म्हणाले, ‘कळव’ खोड आणि दुसरं काही लिही. काय लिहू विचारलं तर सुचेना. म्हणून ‘कळव’च ठेवलंय.

आपल्या तिघांचा लोभ आता एकाच खुंटीवर आहे, एवढं ध्यानात असावं.
तुझी,
कुकाताई


वॉटसनव्हिल
रविवार, २६ एप्रिल १९५३

ती. आपांस शि. सा. न. वि. वि. ती. कुकाताईस सा. न. वि. वि.

पत्र बराकीत वाचताना डॉन मेलितोनांनी घंटा पडतात तो भाग पुन्हा वाचायला लावला, आणि मग पुन्हा. नायारितवाला म्हणाला, तोंडावरून तर तू आधीपासून चोरच वाटायचास. मी त्याला मिठी मारली, तो बावचळला.

आपा, तुम्ही विचारलं पुढे काय झालं. मला माहीत नाही. ताईनं मागच्या पत्रासोबत धाडलेला शेवटचा अंक माझ्या पेटीत आहे, पानांच्या जोडलेल्या कडा मी अजून कापलेल्या नाहीत. इथं सगळे मागे लागलेत. मी सांगितलं की हा अंक सेलायात वाचायचा आहे, एका माणसाला आधी शब्द दिलाय. डॉन मेलितोन म्हणाले बरोबर आहे, शेवट कळला तर पत्रानं कळव, आणि घोडा पांढरा कर.

शिकागोकडे निघालेल्यांची गाडी परवा गेली. मी निरोप द्यायला गेलो आणि परत येऊन रूळ बडवला, कारण जेवायची वेळ झाली होती. स्वयंपाक्यानं हल्ली ते काम मलाच दिलंय.

करार संपला की मेअखेर निघतो. पुढच्या सालासाठी बोरू आत्ताच तोडायला लागतील, ओले असताना. कोणाचा पुतळा ते आल्यावर भांडून ठरवू. उबाल्दोलाही भांडायला बोलवा, तो तसाही येणारच.

बाकी सगळं भेटीत. लोभ तिथंच राहू द्या, मी न्यायला येतोय. आणि त्या खुंटीवरच्या तोंडाला कुणी हात लावू नका, धूळ बसते आहे ती बसू द्या. माझं मी पुसतो.

तुमचा,
लोलो